सभासद-वहीत त्यांचंही नाव लिहा

केरळातल्या गावोगावच्या आर्ट्स अँड स्पोर्ट्स क्लबांचे, वाचनालयांचे आणि फिल्म सोसायट्यांचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सगळे कार्यकर्ते चेट्टन-चेची, म्हणजे दादा-ताई, यांना सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते. तुमच्या गावात बंगाल, आसाम, ओडिशा, बिहार, झारखंडातून कामाला आलेली जी माणसं राहतात, त्यांना तुमच्या क्लबचं सभासद करून घ्या. ओणमच्या पंगतीला बरेच क्लब त्यांना बोलावतात, ते चांगलंच आहे. मी त्यापुढचं मागते आहे: वर्गणीची पावती, सभेत बोलायचा हक्क आणि मत.

हेच पत्र मल्याळममध्ये लिहून मी तुमच्या हाती देणार आहे. ते मराठीतही लिहिलं, कारण केरळात राहणाऱ्या माझ्या गाववाल्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतली गलाई कुटुंबं देशभरच्या सोन्याच्या पेठांत पसरली, तशीच त्रिशूरलाही आली. सराफांच्या, कारागिरांच्या दुकानातली धूळ आणि भंगार गोळा करायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करून सोनं वेगळं काढायचं, असा हा धंदा. माझे वडील त्यातलेच. त्यांच्या तरुणपणी या गल्ल्यांत भट्टीचा धूर आणि मराठी बोलणं एकत्रच यायचं. आज त्याच गल्ल्यांतल्या दागिन्यांच्या कारखान्यांत बंगाली कारागीर मांडी घालून बारीक काम करत बसलेले दिसतात. भट्टीवर सोनं घेऊन येतात तेच. आमची जागा त्यांनी घेतली असं मी म्हणणार नाही. परक्या माणसाची जी जागा इथे असते, ती आता त्यांच्याकडे गेली आहे.

आमच्याकडून ती कशी सुटली, हे मला ठाऊक आहे. पैशाने सुटली नाही. शाळेनेही फार थोडी सोडवली. शाळेच्या पुस्तकातलं मल्याळम आणि त्रिशूरच्या रस्त्यावरचं मल्याळम यांत केवढं अंतर आहे, हे इथे राहिलेल्यालाच कळतं. इथलं बोलणं वेगात, सूर उंचावत आणि वाक्याचा शेवट ओढत चालतं. विनोदी नट इन्नसेंट यांचं बोलणं पडद्यावर ऐकून उभा केरळ ज्या ढंगावर खूश व्हायचा, तो ढंग आम्ही वाचनालयाच्या अंगणात आणि क्लबच्या ओट्यावर शिकलो. मी वाचनालयाच्या बालवेदीत, म्हणजे मुलांच्या मंडळात, जात होते. वडील संध्याकाळी क्लबात कॅरम खेळायचे. एका ओणमला रस्सीखेचीत माणूस कमी पडला म्हणून त्यांना दोरी धरायला बोलावलं, आणि त्यानंतर वर्गणीचं पावती-पुस्तक आमच्या घरी इतरांसारखंच येऊ लागलं. त्या पावतीवर वडिलांचं नाव मल्याळम अक्षरांत लिहिलेलं असे. घरातल्या कागदांत ती पावती रेशन कार्डाशेजारी ठेवलेली असायची.

तुमच्या क्लबांची ही ताकद तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत असणार? दोन खोल्या, एक कॅरम बोर्ड, दोन वर्तमानपत्रं, भिंतीवर चे गेव्हारा किंवा मेस्सी, कोपऱ्यात ढाली आणि चषक, आणि रात्री पीएससीच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलेली पोरं. रक्तदान इथूनच ठरतं, आजारी माणसाला इस्पितळात न्यायची जीप इथूनच निघते. 2018 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सरकारी यंत्रणा पोचायच्या आत गावोगावच्या क्लबांची पोरं छातीभर पाण्यात उतरली होती. त्याच दिवसांत कण्णूर जिल्ह्यात इरिट्टीला ब्लँकेट विकायला आलेल्या मध्य प्रदेशातल्या एका फिरत्या विक्रेत्याने आपल्याजवळचा ब्लँकेटचा माल पूरग्रस्तांना वाटून टाकला. तुम्ही त्याचं कौतुक केलंत, वर्तमानपत्रांत फोटो आले. अशी माणसं पुरातच दिसावीत, एरवी का दिसू नयेत?

तुमच्या प्रांतात क्लब ही करमणुकीपुरती गोष्ट कधीच नव्हती. 1945 साली अंबलप्पुळ्याला पी. एन. पणिक्करांनी 47 वाचनालयांना एकत्र आणून ग्रंथशाळा संघाची सुरुवात केली, त्यातून गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं गेलं. त्यांच्या स्मृतिदिनी, 19 जूनला, केरळ आजही वाचनदिन पाळतो. 1950 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या केपीएसी या नाटक संस्थेच्या, केरळ पीपल्स आर्ट्स क्लबच्या, नावातच आर्ट्स क्लब आहे. भूमिगत असलेल्या तोप्पिल भासींनी लिहिलेलं या संस्थेचं नाटक 1952 पासून गावोगावच्या मंचांवर गाजलं, आणि ओएनव्ही कुरुप यांचे शब्द, देवराजन यांच्या चाली शेतात राबणाऱ्यांच्या तोंडी गेल्या. अभिनेत्री केपीएसी ललितांनी तर संस्थेचं नाव आपल्या नावापुढे लावलं आणि शेवटपर्यंत तसंच ठेवलं. क्लबने माणसाला नाव द्यावं, यापेक्षा मोठं काय असतं?

मग फिल्म सोसायट्या आल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून परतलेल्या अडूर गोपालकृष्णन यांनी कुळत्तूर भास्करन नायर यांच्यासह 1965 मध्ये तिरुवनंतपुरमला चित्रलेखा फिल्म सोसायटी सुरू केली. पुढे त्याच मंडळींच्या सहकारी संस्थेने 1972 मध्ये 'स्वयंवरम' काढला. पुण्याच्याच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे. संग्रहालयातले चित्रपट देशभरच्या सोसायट्यांपर्यंत पोचवण्यासाठी ते आयुष्यभर झटले. पुणे आणि केरळ यांच्यामधली ही वाट आम्हा मराठी माणसांना फारशी ठाऊक नाही, आणि तिचा मला अभिमान आहे. कोळिक्कोडला 1984 मध्ये मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी ओडेसा कलेक्टिव्ह काढलं. गावोगावी चित्रपट दाखवायचे, लोकांकडून जमेल ती वर्गणी घ्यायची, आणि त्या पैशांतून लोकांचा चित्रपट करायचा. 1986 चा 'अम्मा अरियान' असा उभा राहिला. निर्मात्याच्या दारात न जाता लोकांच्या वर्गणीतून पूर्ण लांबीचा चित्रपट करून दाखवणारी अशी संघटना देशात दुसरी सहज सापडणार नाही.

या सगळ्या सोसायट्या कुणाचे चित्रपट पाहत मोठ्या झाल्या? सत्यजित राय यांचे, ऋत्विक घटक यांचे, मृणाल सेन यांचे. घटक पुण्याला शिकवत असताना जॉन अब्राहम त्यांचे विद्यार्थी होते. केरळातल्या छोट्या गावात, भाताच्या शेताशेजारच्या हॉलमध्ये, पांढऱ्या कापडावर घटकांचा 'मेघे ढाका तारा' पाहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. फाळणीत घर सुटलेल्या बंगाली कुटुंबाचं दुःख त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. बंगाल म्हणजे काय, हे तुम्ही पडद्यावरून साठ वर्षं शिकलात.

आणि आता बंगाल तुमच्या गल्लीत येऊन राहिला आहे. मुर्शिदाबादचा गवंडी तुमच्या घराची भिंत बांधतो, आसामचा पोरगा पेरुंबावूरच्या प्लायवूड कारखान्यात सालपटं वाळवतो, ओडिशाचा माणूस हॉटेलात पोरोट्टा लाटतो. केरळातल्या परप्रांतीय कामगारांची संख्या 25 लाखांच्या घरात असावी, असा अंदाज तिरुवनंतपुरमच्या गुलाटी संस्थेने 2013 मध्येच मांडला होता. रविवारी संध्याकाळी फिल्म सोसायटीचा खेळ चालू असताना ही माणसं बाहेरच्या रस्त्यावर मोबाईलचं रिचार्ज करून घेत उभी असतात. आत घटक, बाहेर घटकांच्या मुलखातली माणसं. त्यांना आत बोलवायला एक साधा कागद पुरेल: बांगला लिपीत चित्रपटाचं नाव, वेळ आणि 'या' एवढा शब्द.

अलीकडच्या तुमच्या चित्रपटांनी मला धीर दिला आहे, म्हणून मी हे लिहायला बसले. 'मंजुम्मल बॉइज' साऱ्या देशाने पाहिला. मराठी घरांतही तो पाहिला गेला. 2006 मध्ये खरोखर घडलेल्या घटनेवरचा हा चित्रपट. कोच्चीजवळच्या मंजुम्मलची रस्सीखेच खेळणारी पोरं कोडैकनालला जातात आणि त्यातला एक गुहेतल्या खोल भेगेत पडतो. तो प्रसंग आठवून पाहा. परका मुलूख, भाषा तमिळ, पोलीस मदत करायच्या ऐवजी मारतात, गावातले लोक शहाणपण शिकवतात. तिथे तुमची पोरं परप्रांतीय होती. पडलेल्याला सोडून परत जायचं नाही, हा निश्चय त्यांच्यात आला तो त्या क्लबातल्या सोबतीतून, आणि दोरी ओढायची ताकद आली ती गावच्या रस्सीखेचीतून. थिएटरात माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती.

'आडुजीवितम' तर भाषेच्याच उपासमारीचं चित्र आहे. कामासाठी आखातात गेलेला नजीब वाळवंटात अडकतो, तिथे पाणी नाही, पण त्याहून भयंकर म्हणजे त्याचं मल्याळम ऐकणारा माणूस नाही. आखातात गेलेल्या प्रत्येक घराला तो चित्रपट आपला वाटला. तुमची माणसं मुंबईत आली, तेव्हा माटुंग्याला केरळीय समाज उभा करून त्यांनी आपली भाषा आणि आपली माणसं सांभाळली. 1960 च्या दशकात दाक्षिणात्यांना मुंबईत कसं वागवलं गेलं, हे मराठी माणूस म्हणून मी विसरलेली नाही आणि तुमचे आजोबाही विसरले नसतील. बाहेर गेलेल्या मल्याळी मुलांना भाषा शिकवायला तुमच्या सरकारने 2009 पासून मल्याळम मिशन चालवलं आहे. आलेल्या कामगारांना मल्याळम शिकवायला साक्षरता मिशनने 2017 मध्ये 'चंगाती' ही योजना पेरुंबावूरला सुरू केली, त्यासाठी 'हमारी मलयालम' नावाचं पुस्तकही काढलं. योजना चांगली आहे. पण बारा तास वीट वाहून आलेला माणूस वर्गात किती दिवस बसेल? भाषा तो शिकेल ती सोबत खेळताना, भांडताना, एकच दोरी ओढताना आणि एकाच विनोदावर हसताना.

'सुदानी फ्रॉम नायजेरिया' मध्ये मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलचं जग आहे: सात-सात खेळाडू, रात्रीचे दिवे, तात्पुरत्या बांधलेल्या गॅलऱ्या आणि गावचा क्लब मॅनेजर. आफ्रिकेतून आलेला खेळाडू पाय मोडून घरात पडतो तेव्हा घरातली आई आणि शेजारची म्हातारी त्याची शुश्रूषा करतात. भाषा एकमेकांची येत नाही, तरी दोघी त्याच्याशी बोलतच राहतात. त्या दोघी भूमिका कोळिक्कोडच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या सावित्री श्रीधरन आणि सरसा बालुश्शेरी यांनी केल्या, आणि राज्य पुरस्कार मिळवले. हा चित्रपट मला अतिशय प्रिय आहे. पण तो पाहताना एक प्रश्न सुटत नाही. त्या खेळाडूला घरात घेतलं ते त्याने क्लबसाठी गोल केले म्हणूनही. ज्याच्या पायात चेंडू नाही, डोक्यावर सिमेंटची पाटी आहे, त्याला कोण घरात घेईल?

हा प्रश्न हळवेपणाने विचारलेला नाही. 2023 च्या मे महिन्यात मलप्पुरम जिल्ह्यात किळिश्शेरीला बिहारच्या एका मजुराला चोर समजून जमावाने जिवे मारलं. 2024 च्या एप्रिलमध्ये मूवाट्टुपुळ्यात अरुणाचल प्रदेशातला तरुण जमावाच्या मारहाणीत गेला. साक्षरतेचा, वाचनालयांचा आणि फिल्म सोसायट्यांचा हा प्रदेश. हे क्लबांनी केलं असं मी म्हणत नाही. पण रात्री अनोळखी चेहरा दिसला की जमाव जमतो, आणि ओळखीचा दिसला की "अरे, हा आपल्या टीमचा बॅक आहे" असं म्हणणारा एकजण निघतो. तो एकजण जीव वाचवतो. त्याला तयार करण्याची जागा पोलीस ठाणं नव्हे, क्लब आहे.

तुम्ही दार उघडू शकता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी लहान असताना वाचनालयात मुलींना जागा होती, वनितावेदी म्हणजे बायकांचं मंडळ होतं. क्लब मात्र मुलग्यांचाच. ओट्यावरून जाताना मान खाली घालून जायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. ओणमच्या चौथ्या दिवशी स्वराज राउंडवर पुलिकळी निघते, पोटावर वाघ रंगवलेले पुरुष नाचतात, आणि बायका कडेला उभ्या राहून पाहतात, असंच चालत आलं होतं. 2016 मध्ये पहिल्यांदा बायका अंग रंगवून वाघ झाल्या आणि नाचल्या. त्या दिवशी त्रिशूर बुडालं नाही. 2019 मध्ये सिनेक्षेत्रातल्या स्त्रियांच्या संघटनेने पी. के. रोझी यांच्या नावाने फिल्म सोसायटी काढली. मल्याळम सिनेमाची ही पहिली नायिका. दलित बाईने पडद्यावर नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून तिला राज्य सोडून पळावं लागलं होतं. जिला हाकललं तिच्याच नावाने आज खेळ होतात.

आणि 'आट्टम' तर प्रत्येक क्लबच्या कार्यकारिणीने एकत्र बसून पाहावा. हौशी नाटक मंडळी, बारा पुरुष आणि एक बाई. तिच्यावर अतिप्रसंग होतो आणि मंडळीतले पुरुष तिच्याविषयी तासन्तास निवाडा करत बसतात. परदेश दौऱ्याचं आमिष पुढे आलं की प्रत्येकाचं मत सरकत जातं. या चित्रपटाला 2024 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. ज्याचं प्रकरण आहे तो खोलीत नाही आणि बाकीचे ठरवताहेत, ही गोष्ट बाईपुरती नाही. परप्रांतीयांच्या खोल्यांचं भाडं, रस्त्यावरच्या दिव्यांची वेळ, सणाला मैदान कुणाला द्यायचं, हेही असंच त्यांच्यावाचून ठरतं.

कामाचं बोलते. क्लबांचे खेळ, सामने, सभा रविवारी ठेवा. मजुराला मोकळा वेळ तेव्हाच असतो. फिल्म सोसायट्यांनी अधूनमधून बांगला, असमिया, ओडिया चित्रपट दाखवावेत आणि त्या दिवशी ओळख करून देण्याचं काम त्या भाषेच्या माणसाला द्यावं, मग तो गवंडी असो की सोनार. त्याला राय यांच्याविषयी काही सांगता येणार नाही, अशी शंका असेल तर विचारून तरी पाहा. मल्याळम उपशीर्षकांची अडचण नाही. 2012 पासून एमसोनची स्वयंसेवक मंडळी जगभरच्या भाषांतल्या चित्रपटांना मल्याळम उपशीर्षकं लिहून फुकट देत आली आहेत. एवढं निरपेक्ष काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तुमचे मल्याळम चित्रपट दाखवताना हिंदी किंवा बांगला उपशीर्षकं मिळाली तर ती लावा. गावातल्या बंगाली पोरांना सोबत घेऊन एखाद्या लघुपटाची उपशीर्षकं तुम्ही स्वतःही करू शकाल, आणि ती करताना दोन्ही बाजू जेवढी भाषा शिकतील तेवढी वर्षभराच्या वर्गात शिकणार नाहीत.

केरळोत्सवात, म्हणजे राज्याच्या युवक कला-क्रीडा महोत्सवात, पंचायत पातळीवर उतरणाऱ्या तुमच्या चमूत त्यांना घ्या. नियमांत काही आड येत असेल तर युवक कल्याण मंडळाकडे अर्ज करा; शंभर क्लबांचा अर्ज गेला तर तो बाजूला पडणार नाही. वर्गणी परवडेल एवढी ठेवा, पण घ्या. फुकट सभासदत्व देऊ नका, वडिलांना ते कधीच आवडलं नसतं.

"ही माणसं टिकत नाहीत, आज इथे तर उद्या दुसरीकडे," असं तुमच्यातले काही म्हणतील. आखातात गेलेले तुमचे सभासदही गावात नसतात, तरी त्यांची नावं वहीत आहेत आणि ओणमला त्यांचे पैसेही येतात. "त्यांना यात रस नाही," असंही ऐकते. बोलावणंच गेलं नसेल तर रस आहे की नाही हे कसं कळावं? अंमली पदार्थांची, भांडणांची भीती काहींना वाटते. ती भीती खरी आहे, गावात ती मल्याळी पोरांबद्दलही आहे, आणि त्यावर तुम्ही काढलेला उपाय क्लबात गुंतवून ठेवण्याचाच आहे. तोच उपाय यांनाही लागू पडेल.

माझ्या गलाईवाल्या भावंडांनो, तुम्हालाही दोन शब्द. आपला गणपती, आपली मंडळं, गावच्या जत्रेची वर्गणी, हे सगळं असूद्या. पण तुमच्यातले कितीतरी जण वीस-वीस वर्षं इथे राहून भट्टी आणि घर यांच्या पलीकडे गेलेले नाहीत. पोरं फर्डं मल्याळम बोलतात आणि तुम्ही अजून त्यांच्याकरवी दुकानदाराशी बोलता. क्लबात जा. तिथे बंगाली कारागीर दिसला तर त्याच्याशेजारी बसा. त्याच्या हातातलं सोनं तुमच्याच मुशीतून गेलेलं आहे.

मी ज्या क्लबची सभासद आहे, त्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या वर्षी मी हा ठराव मांडणार आहे: क्लबच्या हद्दीत राहणाऱ्या कुणाही प्रौढ व्यक्तीला, मूळ गाव आणि मातृभाषा न पाहता, पूर्ण मताधिकारासह सभासद होता येईल, आणि सभेची सूचना मल्याळमबरोबर हिंदी आणि बांगला भाषेतही फलकावर लावली जाईल. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक हवा आहे. तुमच्या क्लबात असा ठराव येणार असेल आणि तिथे बांगला बोलणारा माणूस लागत असेल, तर कळवा. आमच्या गल्लीतले दोघे यायला तयार आहेत.

आपली,
त्रिशूरच्या एका क्लबची सभासद